पंचवीस भोकांचा पोर्ट

कॉम्प्युटर जोडून घ्यायला निघालेल्या माणसानं आधी पंखे बघावेत आणि मग बाकीचं, असं माझं मत आहे. दुकानदार ते मानत नाहीत. बाई पंख्यापासून सुरुवात करतात म्हणजे बाईंना काही कळत नाही, असं त्यांना वाटतं. पण आमच्या भवानी पेठेत घराच्या तिन्ही बाजूंना माग चालतात आणि खिडकी बंद असली तरी सुताची धूळ आत येते. ती पोळीवर येते, देवापुढच्या दिव्यात येते, आणि कॉम्प्युटरच्या डब्यात तर सगळ्यांच्या आधी जाते. माझा जुना कॉम्प्युटर त्या धुळीनंच गेला. मेकॅनिकनं डबा उघडला तेव्हा आतल्या पंख्याभोवती अशी जाड गादी जमली होती की मांजरीनं तिथं पिल्लं घातली असती. चौदा वर्षं चालला बिचारा. सोलापूरचे चौदा उन्हाळे काढल्यावर कुणीही बसलंच असतं, म्हणून मी त्याच्यावर चिडले नाही. चिडायचं ते सगळं पुढच्या तीन आठवड्यांसाठी राहिलं.

मी चादरींची डिझाइनं काढते. आधी वडिलांच्या शेजारी बसून चौकटीच्या कागदावर काढायची, नंतर कॉम्प्युटरवर. वेलबुट्टी असो की मोर, शेवटी सगळं बारीक चौकोनांत, म्हणजे घरांत, बसवायचं असतं. एक चौकोन म्हणजे एक धागा वर की खाली. चौकोनांची एक आडवी ओळ म्हणजे पुठ्ठ्याचं एक कार्ड. त्या कार्डाला भोकं पाडायची, अशी शेकडो कार्डं एकमेकांना शिवून त्यांची माळ करायची आणि ती मागावर चढवायची. मग माग ती भोकं वाचत वाचत चादर विणतो. डिझाइन माझं आणि भोकं माझ्या मोठ्या भावाची. आम्ही तेलुगू घरातले, म्हणून तो अन्ना आणि मी त्याची चेल्ली. घरात बोलतो ते तेलुगूत, इथं मराठीत लिहिते आहे. अन्ना एकसष्ट वर्षांचा आहे, मी बावन्न. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, ती गोष्ट वेगळी आणि इथं तिचं काही काम नाही.

अन्नाचं भोकं पाडायचं यंत्र माझ्याच खोलीत, माझ्या पाठीमागं भिंतीला लागून आहे. कॉम्प्युटरपासून यंत्रापर्यंत बोटाएवढी जाड वायर जाते. वायरच्या टोकाला पंचवीस पिना आहेत आणि त्या पिना ज्यात बसतात तो पंचवीस भोकांचा पोर्ट कॉम्प्युटरच्या पाठीला असावा लागतो. पूर्वी प्रिंटर जोडायला असायचा तो. मी इकडून ओळ पाठवते, तिकडं अन्ना एक कोरं कार्ड सरकवतो, दांडा ओढतो, खटकन भोकं पडतात, कार्ड काढतो, दुसरं सरकवतो. तो पोर्ट नसेल तर यंत्र भंगारात गेलं, आणि यंत्र भंगारात गेलं तर अन्नाला या घरात करायला काही उरत नाही. माझ्या डोक्यात एवढीच गोष्ट होती. म्हणून प्रोसेसर कुठला, मेमरी किती, हे सगळं मला दुय्यम होतं.

पहिलं दुकान काचेच्या दाराचं होतं. आत थंडगार हवा आणि काचेचे डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकात लाल-निळे दिवे गरगर फिरत होते. दुकानदार तिशीचा, बोलायला गोड. त्यानं विचारलं, गेमिंगसाठी की एडिटिंगसाठी? मी म्हटलं, चादरीसाठी. तो हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. त्यानं कागद घेऊन मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मॉनिटर अशी यादी एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढं तीन तीन पर्याय घातले. मी पिशवीतून आमच्या वायरचं टोक काढलं आणि काचेच्या काउंटरवर ठेवलं. याला जागा असलेला बोर्ड पाहिजे, म्हटलं. त्यानं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि आतल्या दोघांना बघायला बोलावलं. कॉलेजच्या पुस्तकात याचं चित्र होतं म्हणाला. हे आता येत नाही मॅडम.

दुसऱ्या दुकानातही येत नव्हतं. तिसऱ्यानं एक छोटी डबी दिली. एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला पंचवीस भोकं. मी आनंदानं घरी आणली, शेजारच्यांच्या लॅपटॉपला लावून बघितली. यंत्रानं हूं की चूं केलं नाही. ती डबी नुसत्या प्रिंटरची भाषा बोलते, आमच्या यंत्राची नाही, हे मला दोन दिवसांनी कळलं. परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, तुमचं यंत्रच बिघडलं असेल. मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. घरी येताना रिक्षात माझं डोकं ठणकत होतं आणि वाटत होतं, आपल्या वयाच्या बायका या उन्हाच्या वेळी घरात झोपलेल्या असतात.

आणि खरं सांगायचं तर त्या धावपळीच्या मुळाशी एक गोष्ट होती, जी मी अन्नाला सांगितली नव्हती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ज्यांच्या कारखान्याला आम्ही सगळ्यात जास्त डिझाइनं देतो, त्या शेठनी मला बोलावून घेतलं होतं. त्यांनी नवे इलेक्ट्रॉनिक जकार्डचे माग आणलेत. त्यांना पुठ्ठ्याची कार्डं लागत नाहीत. डिझाइन पेन ड्राइव्हवर न्यायचं, मागाच्या डोक्यावर एक डबा आहे त्यात खोचायचं, झालं. शेठ मला घेऊन मागांमधून फिरले. माणूस चांगला आहे, त्या खडखडाटात माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगत होते, "ताई, कार्डाचे माग आता चारच ठेवलेत बघा. दिवाळी झाली की ते पण काढणार. तुमचं काम आहे तसंच राहील. पण अन्नांना तेवढं सांगून ठेवा की."

मी हो म्हटलं. नव्या मागांसाठी डिझाइन करायचं सॉफ्टवेअरही त्यांच्याकडं होतं आणि दोन दुपारी तिथं बसून मी ते शिकूनही घेतलं. मला आवडलं ते. रंग कसा दिसेल, कापडावर पान कसं उतरेल, सगळं पडद्यावर आधीच दिसतं. असला कॉम्प्युटर आपल्याकडं असावा असं फार वाटलं. घरी आले आणि अन्नाला काहीच सांगितलं नाही. पेठेतले दोन-तीन छोटे मागवाले अजून कार्डांवरच आहेत, तेवढ्यावर यंत्र चालू राहील, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. वहिनी गेल्यावर अन्ना त्या यंत्राला धरूनच उभा राहिला होता. ते मी डोळ्यानं पाहिलं होतं. त्याच्या हातातून तेच काढून घ्यायचं, हे मला जमणार नव्हतं.

कॉम्प्युटर बंद असलेल्या त्या दिवसांत अन्ना रोज सकाळी यंत्रावरची चादर काढायचा, चार ठिकाणी तेल घालायचा, दांडा दोनदा रिकामाच ओढायचा आणि चादर परत घालायचा. चहा झाला की एकदाच विचारायचा, पोर्ट मिळाला का? मिळेल, मी म्हणायची. तो मान हलवायचा आणि त्याचं तोंड उतरायचं. ते उतरलेलं तोंड बघून मी पुन्हा चप्पल घालायची.

शेवटी बाजारातल्या एका बोळात मला चाचा सापडले. चाचा म्हणजे मदरबोर्ड दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग, टेबलावर बोर्डांची चळत. मी वायरचं टोक पुढं केलं तेव्हा ते हसले नाहीत की त्यांनी कुणाला बघायला बोलावलं नाही. चळतीतून एक कोरा, अजून पुठ्ठ्याच्या खोक्यात असलेला बोर्ड काढला, दिव्याखाली धरला आणि कडेला असलेल्या बारीक पिनांच्या दोन ओळींवर नख ठेवलं.

"बाजी, पिना तो हैंच. कंपनीने बाहर मुँह नै निकाला, बस."

म्हणजे पोर्ट बोर्डातच होता. त्याला बाहेर तोंड काढून देणारी एक पट्टी आणि वीतभर वायर लागणार होती आणि तसली वायर त्यांच्याकडं एका डब्यात पडून होती. मला तिथल्या तिथं रडू आलं असतं. चाचांनी स्टूल पुढं सरकवलं आणि पाणी दिलं. मग समजावून सांगितलं. बोर्ड न वापरलेला आहे, पण दहा वर्षांपूर्वीच्या पिढीचा. यावर नवा प्रोसेसर बसत नाही, त्याच काळातला लागेल. नवी रॅमही बसत नाही, जुनीच लागेल. विंडोजही जुनं टाकावं लागेल, नाहीतर यंत्राचा प्रोग्रॅम चालायचा नाही. असं करत करत काचेच्या दुकानातली ती सुंदर यादी खालपासून वरपर्यंत खोडली गेली. एका पोर्टापायी सगळा कॉम्प्युटर दहा वर्षं मागं गेला.

शेठकडं शिकले ते नवं सॉफ्टवेअर यावर चालेल का, मी विचारलं. चाचांनी मान हलवली. नक्को, म्हणाले, उसका नाम बी मत लो. नव्या मागांची डिझाइनं जुन्याच प्रोग्रॅममध्ये काढून, चित्र म्हणून पेन ड्राइव्हवर घालून द्यायची, पुढचं शेठचा माणूस करून घेईल, अशी पळवाट होती. वेळ दुप्पट लागणार होता. डोळ्यांचं काय व्हायचं ते होणारच होतं. मी म्हटलं, बसवा हाच बोर्ड. कॅबिनेट आणि मॉनिटर तेवढे मी काचेच्या दुकानातून घेतले. तिथला दुकानदार उरलेली यादी वाचून म्हणाला, मॅडम, तुम्ही नवीन घेऊन जुनंच घेताय. बरोबर होतं त्याचं.

मॉनिटर मात्र मी मनापासून निवडला. रुंद, चकचकीत, माझ्या हातात पुरता न मावणारा. तेवढी एक गोष्ट माझ्यासाठी होती. कॅबिनेटही दिवे नसलेलं घेतलं आणि त्याच्या सगळ्या छिद्रांना आतून बारीक जाळी लावायला सांगितली. चाचांनी प्रोसेसरवर मोहरीएवढी पेस्ट ठेवली, पंखा बसवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले की महिन्याला एकदा ब्रशनं साफ करायचं. मी हो म्हटलं. मागच्या वेळीही हो म्हटलं होतं.

शनिवारी दुपारी कॉम्प्युटर तयार झाला. मी अन्नाला फोन केला तर तो म्हणाला, शनिवारी लोखंड घरात आणू नकोस. कॅबिनेट पत्र्याचं आहे, म्हटलं. पत्रा म्हणजे लोखंडच की, म्हणाला. यावर वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. रविवारी चाचांचं दुकान बंद. सोमवारी पुन्हा रिक्षा, पुन्हा ऊन, आणि मांडीवर तो डबा घेऊन मी घरी आले. अन्नानं हळदी-कुंकू आणलं तेव्हा मी समोरच्या यूएसबीच्या भोकांवर हात आडवा धरला. जुन्या कॉम्प्युटरची ती भोकं दर खंडेनवमीला कुंकू जाऊन बुजली होती. आमच्यासारखी माणसं यंत्राला असंच मारतात, आधी पूजा करतात आणि मग त्याच्या तोंडात कुंकू घालतात. यावेळी मी टिळा वरच्या बाजूला लावून घेतला.

वायर जोडली. अन्नानं दांडा ओढला. खटकन भोकं पडली आणि तो आवाज ऐकून मी खुर्चीत मागं रेलले. तीन आठवडे त्या एका आवाजासाठी हिंडत होते मी.

पहिलं काम शेठच्या त्या चार मागांचंच होतं. लग्नसराईची चादर, काठाला पानांचा वेल. हे पान मी आयुष्यात हजारदा काढलं असेल. नव्या मॉनिटरवर ते इतकं सुबक दिसत होतं की मी उगाच मोठं करून, लहान करून बघत बसले. मग ओळी पाठवायला सुरुवात केली. मी एक ओळ पाठवायची, पाठीमागून खटका यायचा, पुन्हा ओळ. तास-दीड तास गेला असेल. मग खटका आला नाही. मी वळून पाहिलं तर अन्ना हातात कार्ड धरून बसला होता.

"चेल्ली, हे पान संपत का नाही?"

मला समजेना. तो म्हणाला, या काठाचं पान नेहमी कुठं येऊन मिटतं ते माझ्या हाताला माहीत आहे. ती कार्डं केव्हाच होऊन गेली. पान अजून चालूच आहे. चादरीवर हे केळीचं पान होईल. असं म्हणून त्यानं कार्डांचा गठ्ठा उजेडाला धरला आणि भोकांतून मला दाखवायला लागला. मला त्या भोकांत पान कधीच दिसलेलं नाही. पण मी मोजलं आणि त्याचं बरोबर निघालं.

चूक कुठं झाली ते शोधायला दुपार गेली. आमच्या चादरीत उभे धागे दाट आणि आडवे विरळ, त्यामुळं कागदावरचा चौकोन कापडावर उंच होऊन उतरतो. डिझाइन काढणाऱ्यानं ते धरून पान थोडं बुटकं काढायचं असतं. हे मी वडिलांकडून शिकले होते आणि चौदा वर्षांत विसरूनही गेले होते, कारण जुना मॉनिटर ते काम माझ्यासाठी करत होता. त्याचं सेटिंग पहिल्या दिवसापासून चुकलेलं होतं. पडद्यावर सगळं बाजूंनी दाबून, उंच दिसायचं. अगदी कापडावर दिसतं तसंच. म्हणून मी जे डोळ्याला बरं दिसेल ते काढायची आणि ते बरोबर यायचं. नवा मॉनिटर खरं दाखवत होता आणि माझा डोळा खोट्याला सरावला होता. इतक्या हौसेनं घेतलेली ती एकच वस्तू, तिनंच मला तोंडावर पाडलं. शरम वाटली. बावन्नाव्या वर्षी, घरात बसून, पान चुकावं.

मी नव्या मॉनिटरचं सेटिंग जुन्यासारखं चुकीचं करून घेतलं, वेल पुन्हा काढला, आणि अन्नानं पहिल्या कार्डापासून पुन्हा सुरुवात केली. त्याला तीन दिवस लागले. मला मात्र त्या तीन दिवसांत जरा बरं वाटत होतं. म्हटलं, बघा, अन्ना नसता तर ही केळीची पानं पेन ड्राइव्हमधून थेट चादरीवर गेली असती. आपण पोर्ट शोधला ते योग्यच केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं कार्ड पडलं. अन्ना उठला, गरम पाण्याची पिशवी आणून उजव्या खांद्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून बसला.

"एवढा सेट झाला. आता मी बंद करतो," तो म्हणाला.

चहा घेऊन ये मग, मी म्हटलं. मला वाटलं आजच्यापुरतं म्हणतोय.

"यंत्र बंद करतो म्हणतोय. दोन वर्षं झाली चेल्ली, खांदा उचलत नाही. जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा मनात म्हटलं, सुटलो. तर तू पोर्ट शोधायला निघालीस."

मी अशी भडकले की शेजारच्या मागाच्या आवाजातही माझा आवाज बाहेर गेला असेल. तीन आठवडे कुत्र्यासारखी हिंडले, म्हटलं. त्या पोर्टासाठी दहा वर्षं जुना बोर्ड घेतला. मला हवं होतं ते सॉफ्टवेअर सोडलं. रोज सकाळी तेल घालत होतास, रोज विचारत होतास, मिळाला का, मिळाला का. तोंड पाडून बसत होतास. मला काय वाटणार? तो पिशवी धरून शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, नाही मिळाला असं कधी म्हणतेस ते बघत होतो.

"मग सांगायचं होतंस."

"तू विचारायचं होतंस की."

मग मी त्याला शेठनी सांगितलेलं सांगितलं. चार माग, दिवाळी, सगळं. तो म्हणाला, बरं झालं. मनापासून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मला इतका थकवा दिसला, आणि तो दोन वर्षांपासून तिथंच होता. मी रोज त्याच्याकडं पाठ करून बसते, मला कुठून दिसणार. पण राग गेल्यावर जी भीती वाटली ती वेगळीच होती. मी विचारलं, मग दिवसभर करणार काय? अन्नानं यंत्राकडं पाहिलं, हात लुंगीला पुसले आणि म्हणाला, ते मात्र ठरवलेलं नाही.

पेठेतल्या मागवाल्यांना मी दुसऱ्या कार्डवाल्याचा पत्ता देऊन टाकला. यंत्रावर चादर पडली ती पडली. पहिल्या दिवशी अन्ना देवळात जाऊन आला, भाजी घेऊन आला, पेपर दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी भाजी जास्त आणली. चौथ्या दिवशी अकरा वाजता तो दारात येऊन उभा राहिला. मी शेठच्या नव्या मागासाठी एक मोठं फूल काढत होते. त्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये, दुप्पट वेळ खात. त्याची सावली पडद्यावर पडली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तो चौकटीला धरून उभाच. मग म्हणाला, उजवीकडची फांदी जड झाली आहे, चादर घडी केल्यावर तिकडं ओढल्यासारखी दिसेल. मी बघितलं. होती जड.

अजून काय दिसतंय, मी विचारलं. देठाजवळ काहीतरी आहे, पण इथून नीट दिसत नाही, म्हणाला. अरे मग ये ना पुढं, बस.

"कुठं बसू?" तो म्हणाला.

मी मागं वळून पाहिलं. खोलीत एक खुर्ची होती, तिच्यावर मी बसले होते. अन्नाचं स्टूल यंत्राच्या लोखंडी पायाला बोल्टानं पक्कं केलेलं, तोंड भिंतीकडं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांकडं पाठ करून बसलो होतो आणि ते कधी जाणवलं नव्हतं. आणि ती यादी मला आठवली. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पंखे, जाळी, पोर्ट. तीन आठवडे अन्नाच्या जागेसाठी भांडत होते मी, आणि त्याला बसायला जागा ठेवली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला दिसू नये म्हणून मी पडद्याकडं तोंड केलं.

दुसरी खुर्ची मी त्याच काचेच्या दुकानातून मागवली, कारण तेवढा एकच फोन नंबर हाताशी होता. त्यांच्याकडं एकाच प्रकारच्या होत्या. मुलं खेळायला घेतात तसल्या, काळ्या-लाल, मानेला उशी असलेल्या. शनिवारी दुपारी ती आली. अन्नानं खालच्या चाकांकडं वाकून पाहिलं आणि लोखंड आहे का विचारलं. प्लास्टिक आहे, मी म्हटलं. खोटं बोलले.

त्यानं ती माझ्या खुर्चीशेजारी सरकवली, बेतानं बसला, उशीला मान टेकवून बघितली आणि उजवा खांदा हलवून नीट केला. मग चष्मा पुसला. मी फूल पुढं आणलं. बाहेर माग चालू होते. मला वाटलं झोपला की काय.

"देठ दोन घरं कमी कर," अन्ना म्हणाला. मी दोन घरं कमी केली.